नकाशाचा भाव पुण्यात वेगळा, देवरुखात वेगळा

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पुण्यात नोकरी करणाऱ्या एका वाचक भगिनीला देवरुखजवळच्या गावी, वडिलांच्या सहा गुंठे जागेत, आईवडिलांसाठी आणि पुढेमागे स्वतःसाठी घर बांधायचे आहे. सुमारे १,६०० चौरस फुटांचे, जांभ्याच्या चिऱ्याचे, कौलारू घर मनात आहे आणि खर्चाचा अंदाज चौरस फुटाला २,४०० रुपयांप्रमाणे ३८ लाख ४० हजार आहे. त्यांनी तीन ठिकाणी विचारले. पुण्यातील आर्किटेक्टने खर्चाच्या साडेसात टक्के, त्यावर जीएसटी आणि बारा फेऱ्यांचा प्रवासखर्च प्रत्येकी ४,५०० रुपये असे सांगितले. रत्नागिरीच्या आर्किटेक्टबाईंनी चौरस फुटाला ७० रुपये सांगितले. त्यांची जीएसटी नोंदणी नाही, आरसीसीचे, म्हणजे सळई-काँक्रीटच्या सांगाड्याचे, डिझाइन वेगळे, १२ रुपये दराने, आणि दहा भेटींनंतरच्या प्रत्येक भेटीला दीड हजार. तालुक्याच्या गावातील, म्हणजे देवरुखच्या, परवानाधारक इंजिनियरने चौरस फुटाला १८ रुपयांत ‘नकाशा करून पास करून देतो’ असे सांगितले. लातूरच्या भाऊजींनी तर गेल्या वर्षी सगळे मिळून २५ हजारांत भागवले. या भगिनी विचारतात: ‘एकाच घराच्या नकाशाला एकीकडे २८,८०० आणि दुसरीकडे जवळजवळ चार लाख, ही लूट नव्हे काय? सरकारने एकच दर का ठरवून दिलेला नाही? आणि जो टक्केवारीने फी घेणार, तो माझा खर्च कमी कशाला करील?’ पत्राच्या शेवटी त्या सहज लिहितात की, रत्नागिरीच्या बाईंना फीबद्दल विचारले, तर जागेचे फोटो पाहून ‘वरच्या शेतातले पाणी कुठून उतरते’ हेच त्या विचारत बसल्या.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले आकडे मी कागदावर उतरवून घेतले, तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की, तुम्ही तीन जणांना एकच प्रश्न विचारला असला तरी तिघांनी तीन वेगळ्या कामांचा भाव सांगितला आहे. बाजारात तांदूळ विचारताना आपण कोलम की आंबेमोहोर, जुना की नवा हे आधी सांगतो. घराच्या बाबतीत मात्र ‘नकाशाचे किती घेता?’ एवढेच विचारतो आणि मग समोरचा त्याच्या गावात ‘नकाशा’ या शब्दाचा जो अर्थ रूढ आहे त्याप्रमाणे उत्तर देतो. फीमधील प्रादेशिक फरकाचा मोठा भाग इथेच आहे. देवरुखच्या इंजिनियरच्या लेखी नकाशा म्हणजे परवानगीसाठी सादर करायचे कागद. पुण्याच्या आर्किटेक्टच्या लेखी पहिल्या भेटीपासून घरात दिवा लागेपर्यंतचे सगळे काम. दोघेही खोटे बोलत नाहीत.

एकच दर का नाही, हा तुमचा प्रश्न अर्धाच बरोबर आहे, कारण असा एक दर कागदावर आहे. वास्तुविशारद अधिनियम १९७२ चा आहे आणि त्याखाली स्थापन झालेल्या वास्तुकला परिषदेने, म्हणजे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरने, कामाच्या अटी आणि मानधनाचे दरपत्रक प्रसिद्ध केलेले आहे. स्वतंत्र घरासाठी बांधकाम खर्चाच्या साडेसात टक्के ही त्यातली अनेक वर्षांची नोंद आहे, तेव्हा पुण्याच्या आर्किटेक्टने आकडा हवेतून काढलेला नाही. मात्र दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. हा दर ‘सर्वसमावेशक’ सेवेचा आहे. त्यात आरसीसीचे डिझाइन, पाणीपुरवठा, सांडपाणी आणि विजेची कामे यांचा आराखडाही धरलेला असतो. आणि साबणाच्या वडीवर छापलेली किंमत जशी पाळली जाते, तसे हे दरपत्रक बाजारात कोणी पाळत नाही. जिल्ह्याच्या गावी एखाद्याने साडेसात टक्के मागितले, तर समोरचा चहा न पिताच उठून जातो, हे मी सांगलीत आर्किटेक्ट म्हणून कामाला सुरुवात केली तेव्हापासून पाहत आले आहे. जर्मनीसारख्या देशात आर्किटेक्टच्या मानधनाच्या किमान आणि कमाल मर्यादा कायद्यानेच बांधलेल्या होत्या. त्याही युरोपीय न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये बंधनकारक म्हणून अमान्य केल्या आणि २०२१ पासून तिथेही ते आकडे मार्गदर्शनापुरते उरले. तेव्हा सरकारने दर बांधून दिल्याने तुमचा प्रश्न सुटेल, असे मला वाटत नाही.

आता तुमचेच आकडे एका रेषेत मांडू. पुण्याच्या प्रस्तावात साडेसात टक्क्यांचे २ लाख ८८ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ५१,८४० आणि बारा फेऱ्यांचे ५४ हजार, असे मिळून ३ लाख ९३ हजार ८४० होतात. रत्नागिरीच्या बाईंचे ७० रुपयांनी १ लाख १२ हजार. त्यात आरसीसीचे १९,२०० घाला आणि दहाऐवजी अठरा भेटी लागतील असे धरून जादा आठ भेटींचे १२ हजार घाला, म्हणजे १ लाख ४३ हजार २०० होतात. वीज आणि नळकामाची ड्रॉइंग त्या देणार का, हे पत्रात नाही. ते विचारावे लागेल. दोन्हींत अडीच लाखांचे अंतर दिसते खरे, पण त्यातले १ लाख ५ हजार ८४० रुपये कर आणि प्रवासाचे आहेत, ते पुण्याच्या आर्किटेक्टच्या खिशात राहत नाहीत. उरलेला फरक सुमारे १ लाख ४५ हजारांचा. तो लूट आहे की मोबदला, हा खरा प्रश्न, आणि त्याचे उत्तर त्या रकमेत तुम्हाला काय जास्त मिळणार यावर अवलंबून आहे.

पुण्यातल्या कार्यालयाचे भाडे, तिथल्या ड्राफ्ट्समनचे आणि नव्या पदवीधरांचे पगार, सॉफ्टवेअरचे परवाने हे रत्नागिरीतल्या दोन खोल्यांच्या कार्यालयापेक्षा कितीतरी जास्त असतात, आणि तो भार तुमच्या फीमध्ये येतो. हा भार तुमच्या घराला उपयोगी पडला तर मोबदला, नाही पडला तर केवळ शहराचे भाडे. मोठ्या कार्यालयात बहुधा तपशिलाच्या ड्रॉइंगांचा गठ्ठा जाड असतो: प्रत्येक खिडकीची चौकट, प्रत्येक जिन्याची पायरी, न्हाणीघरातल्या फरशीचा उतार कोणत्या कोपऱ्याकडे, हे सगळे मोजमापांसह. लहान गावातली आर्किटेक्ट हेच कधी कागदावर काढते, तर कधी साइटवर गवंड्याला खडूने भिंतीवर काढून दाखवते. दुसरी पद्धत कमी प्रतीची असे मी म्हणणार नाही. मात्र ती पद्धत ती व्यक्ती साइटवर उभी असेल तरच चालते.

याबाबतीत माझी एक चूक सांगते. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत परभणी जिल्ह्यातल्या एका घराचे काम मी सांगलीच्या दराने घेतले. अंतर हिशेबात धरले नव्हते, त्यामुळे ठरवलेल्या सहा भेटी चौथ्या महिन्यातच संपल्या आणि पुढची प्रत्येक फेरी माझ्या पदरची होती. जिन्याच्या स्लॅबच्या आदल्या दिवशी ठेकेदाराचा फोन आला, मधल्या तुळईबद्दल त्याने काही विचारले, मी ड्रॉइंग समोर न घेताच ‘करून टाका’ म्हटले. सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालचा तात्पुरता आधार, उतरले तेव्हा जिन्याच्या वळणावर डोक्यावरची मोकळी उंची पाच फूट आठ इंच भरली. त्या घरातला थोरला मुलगा वर जाताना अजूनही मान तिरकी करतो. मालकांनी मला एका शब्दाने बोलून दाखवले नाही, पण तेव्हापासून फी सांगण्याआधी मी साइटचे अंतर विचारते. फी कमी पडली की आधी भेटी कमी होतात, आणि भेटी कमी झाल्याचे मालकाला वर्षानुवर्षे कळत नाही.

म्हणून १८ रुपयांचा प्रस्तावही नीट वाचू. परवानाधारक इंजिनियरने घराचा आराखडा करणे बेकायदा नाही. ‘आर्किटेक्ट’ हे पद परिषदेकडे नोंदणी असलेल्यालाच लावता येते. पण मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, १९७२ च्या कायद्याने राखीव केले आहे ते हे पद, इमारतीचा आराखडा करण्याचे काम नव्हे. तेव्हा देवरुखच्या गृहस्थांकडे संशयाने पाहू नका. त्यांनी फी कमी सांगितली, कारण त्यांच्या गावातली बहुतेक गिऱ्हाइके तेवढेच काम मागतात: परवानगीचा नकाशा, जोत्याच्या वेळी एक चक्कर, आणि शेवटी काम पूर्ण झाल्याच्या दाखल्याचे कागद. पुढचे घर ठेकेदार आणि गवंडी मिळून बांधतात. पूर्वापार हे असेच चालत आले आहे आणि त्यातून चांगली घरेही उभी राहिली आहेत, विशेषतः जिथे गवंडी मुरलेला होता आणि घराचा साचा सगळ्यांच्या ओळखीचा होता. अडचण ही की तुम्हाला हवे असलेले घर त्या साच्यातले नाही. पुण्याच्या फ्लॅटमधल्या सवयी, खोलीला लागून न्हाणीघर, वडिलांसाठी पायऱ्यांऐवजी उतार, आणि तरीही चिरा आणि कौल, अशी सांगड घालायची आहे. तिचा विचार १८ रुपयांत बसत नाही, आणि तो बसवायला सांगणे इंजिनियरवर अन्याय ठरेल.

लातूरच्या भाऊजींचा हिशेब मात्र बाजूला ठेवा. त्यांच्या घराखाली काळी माती असण्याची शक्यता मोठी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि पाया उथळ असला की जोत्यापासून छतापर्यंत भेगा काढते. शिवाय १९९३ चा किल्लारीचा भूकंप त्याच जिल्ह्यातला. तिथे खर्च करायला हवा तो खड्डा खणून माती पाहण्यावर आणि आरसीसीच्या डिझाइनवर. घराची मांडणी साधी असली तरी चालते. भाऊजींना एवढेच विचारा की, त्या २५ हजारांत मातीची तपासणी होती का आणि सळईचे ड्रॉइंग त्यांच्या घरासाठी नव्याने केले होते की आधीच्या कुणाचे होते. तुमच्याकडे बहुधा जांभा आहे. पाया लवकर लागतो, चिंता असते ती पाण्याची. एकाच राज्यात, काही तासांच्या अंतरावर, आर्किटेक्टचे डोके कुठे खर्ची पडते ते असे बदलते, आणि चौरस फुटाच्या दरात हे कुठेच दिसत नाही.

इथे मला तुमच्या पत्राचा शेवट पुन्हा वाचावासा वाटतो. ज्या बाई फीऐवजी वरच्या शेताच्या पाण्याबद्दल विचारत बसल्या, त्यांनी तुमच्या नकळत काम सुरू केलेले आहे. रत्नागिरी जिल्ह्यात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. उताराच्या जागेवर घर कापून बसवले, की मागची भिंत जमिनीला टेकते आणि वरच्या शेताचे पाणी त्या भिंतीतून वाट काढते. यावरचा उपाय भिंतीला रसायन फासण्यात नाही. घराच्या मागे, भिंतीपासून सुटा, पुरेशा उताराचा गटार आधी काढावा लागतो आणि त्यासाठी घर दोनतीन फूट पुढे सरकवावे लागते. घर सरकवायचा निर्णय कागदावर फुकट असतो, जोते झाल्यावर त्याची किंमत लाखांत जाते. तसेच खिडकीचे. कोकणात छज्जा दोन फुटांचा असला तरी त्याच्या खालच्या कडेला बोटभर खाच ठेवावी लागते, म्हणजे पाणी छज्ज्याच्या पोटाने सरपटत भिंतीकडे न येता तिथेच टपकते. आणि खिडकीच्या उंबरठ्याच्या दगडाला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा लागतो. ही खाच ज्या ड्रॉइंगमध्ये नसते, त्या घरात तिसऱ्या पावसाळ्यात खिडकीखाली ओलीचा नकाशा उमटतो. पुण्याच्या आर्किटेक्टला हे ठाऊक नसेल असे नाही. पण त्यांनी घाटाखाली यापूर्वी काम केले आहे का, हे विचारायलाच हवे.

टक्केवारीबद्दलची तुमची शंका रास्त आहे, पण एकांगी आहे. टक्केवारीत खर्च वाढला की फी वाढते, हे खरे; आणि देवरुखसारख्या ठिकाणी तर वाळू, सिमेंट आणि बाहेरून येणारे कारागीर यांच्या वाहतुकीमुळे खर्च वाढतो, त्यात आर्किटेक्टचे काम कणभरही वाढलेले नसते. पण चौरस फुटाच्या दरालाही हाच दोष वेगळ्या रूपात आहे. दीडशे चौरस फुटांची निरुपयोगी मार्गिका काढून टाकणाऱ्या आर्किटेक्टची फी तिच्या त्या शहाणपणामुळे साडेदहा हजारांनी कमी होते. एकरकमी फीमध्ये काम रेंगाळले की उत्साह ओसरतो. निर्दोष पद्धत कोणतीच नाही. माझा स्वतःचा रिवाज असा आहे की, मांडणी नक्की होऊन सविस्तर इस्टिमेट तयार झाले, की त्या दिवशीच्या आकड्यावर टक्केवारी काढायची आणि ती रक्कम तिथेच गोठवायची. पुढे सिमेंट महागले किंवा तुम्ही इटालियन फरशी घेतली तरी ती हलत नाही, आणि खोल्या वाढवल्या तरच नव्याने बोलायचे. पुण्याच्या आर्किटेक्टसमोर हा प्रस्ताव जरूर ठेवा. नाही म्हणाले तर का, ते ऐकून घ्या. कारण ऐकण्याजोगे असू शकते.

कमी फी दिसते तिथे आणखी एक गोष्ट तपासावी, आणि हे मी थोड्या संकोचाने लिहिते. काही ठिकाणी फी कमी असते, कारण उरलेले पैसे टाइल्सच्या आणि नळांच्या दुकानातून, किंवा ठेकेदाराकडून येतात. आर्किटेक्टसाठी १९८९ चे व्यावसायिक आचारनियम आहेत. काम मिळवून देण्यासाठी सवलत, भेटवस्तू किंवा कमिशन घेऊ वा देऊ नये, असे ते सांगतात. ‘तुम्ही आमच्याकडूनच फी घेणार ना, दुसऱ्या कुणाकडून नाही ना?’ हे पहिल्या बैठकीत हसत विचारता येते. उत्तर द्यायला लागणारा वेळ पाहा.

आता पर्याय. पुण्याच्या आर्किटेक्टकडे डिझाइन आणि देवरुखच्या इंजिनियरकडे परवानगी व देखरेख, असा मधला मार्ग तुमच्या मनात येईल. अनेकांच्या येतो आणि ऐकायला तो शहाणपणाचा वाटतो. मी त्यापासून थोडे सावध करीन. परवानगीच्या नकाशावर सही एकाची आणि प्रत्यक्ष काम दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर, असे झाले की दोन्ही कागदांत फरक पडतो आणि ओल आली किंवा दाखला अडला की दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात. हा मार्ग घ्यायचाच असेल तर अंतिम जबाबदारी कोणाची, हे करारात एका वाक्यात लिहून घ्या आणि त्यावर दोघांच्याही सह्या घ्या. इतके झाल्यावर जे पैसे वाचतात ते पाहून तुम्ही स्वतःच पुनर्विचार कराल असे वाटते.

माझा कल रत्नागिरीच्या बाईंकडे आहे, पण ७० रुपयांसाठी नव्हे. त्या जवळ आहेत, पाऊस ओळखतात, आणि न विचारता पाण्याचा प्रश्न विचारतात. तुमच्या जागी मी असते तर त्यांच्याशी दर खाली आणण्याची घासाघीस केली नसती. उलट दहा हजार जास्त देऊन वीज, नळ आणि खिडक्यांची तपशीलवार ड्रॉइंग मागून घेतली असती आणि कोणत्या टप्प्यांना त्या स्वतः हजर राहतील ते ठरवून घेतले असते: आखणी, पायाची सळई, जोते, प्रत्येक स्लॅब ओतण्याआधीचा दिवस, छपराचा सांगाडा आणि कौले चढताना. हे टप्पे भेटींच्या संख्येपेक्षा महत्त्वाचे, कारण अठरा भेटी झाल्या आणि स्लॅबच्या आदल्या दिवशी कोणी नव्हते, तर त्या परभणीच्या घरासारख्या वाया जातात. रोजची देखरेख मात्र कोणत्याही आर्किटेक्टच्या फीमध्ये नसते, पुण्याच्याही नाही. त्यासाठी गावातला एखादा अनुभवी सुपरवायझर महिन्याच्या पगारावर ठेवावा लागतो आणि तो खर्च तुमच्या तिन्ही हिशेबांत आज धरलेलाच नाही.

निर्णय घेण्याआधी रत्नागिरीच्या बाईंनी बांधलेली दोन घरे पाहा, आणि ती पावसात पाहा. डिसेंबरमध्ये कोकणातले प्रत्येक घर देखणे असते. जुलैच्या शेवटी गेलात, तर मागच्या भिंतीला हात लावून, कपाटे उघडून, घरमालकिणीला ‘कपड्यांना बुरशी येते का’ विचारून जे कळेल, ते कोणत्याही दरपत्रकात नाही. त्यांना हेही विचारा की, जोते आणि छप्पर यांच्यामध्ये बाई किती वेळा आल्या होत्या. नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका. परिषदेच्या संकेतस्थळावर तो पडताळता येतो.

पैसे टप्प्यांनी द्यावेत, हे तुम्ही जाणताच. परिषदेच्या अटींतही ढोबळमानाने तसेच आहे. सुरुवातीच्या कल्पनेला एकूण फीच्या दहा टक्के, प्राथमिक आराखड्यापर्यंत वीस, परवानगी हाती येईपर्यंत पस्तीस, आणि पुढचे काम सरकेल तसे, अशी ती चढण आहे. लहान गावांत उलटे घडते: ‘पास झाले’ की पूर्ण फी मागितली जाते आणि दिली जाते, आणि मग बांधकामाच्या दीड वर्षात आर्किटेक्टला साइटवर खेचून आणणारे काही उरत नाही. निदान एक तृतीयांश रक्कम जोत्यानंतरच्या कामासाठी राखून ठेवा. हे बाईंवरचा अविश्वास म्हणून नव्हे. त्यांच्या पेट्रोलचे आणि वेळेचे पैसे तेव्हा त्यांना मिळावेत म्हणून.

परवानगीबद्दल थोडे लिहिते, कारण ‘पास करून देतो’ या तीन शब्दांची किंमत जागेनुसार फार बदलते. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे सोडून राज्यभर एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आहे. त्याआधी प्रत्येक नगरपालिकेचे नियम निराळे होते आणि गावचे नियम तोंडपाठ असणे ही स्थानिक माणसाची मोठी पुंजी होती. ती आता थोडी उतरली आहे. गावठाणातल्या लहान, सुमारे ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडांवरील घरांसाठी नगररचना कार्यालयाकडे न जाता ग्रामपंचायतीच्या पातळीवर काम होण्याची सवलत २०२१ मध्ये मिळाली. तुमची जागा गावठाणात आहे की बाहेर शेतजमिनीवर, हे पत्रात नाही. गावठाणात असेल, तर सहा गुंठ्यांच्या जागेला ही सवलत लागू होते का, ते ग्रामपंचायतीत विचारा; होत असेल, तर परवानगीचे काम हलके आहे आणि केवळ त्यासाठी कोणी मोठी फी सांगत असेल तर कारण विचारा. बाहेर असेल, तर जमिनीच्या वापराचे जे कागद लागतील ते आणि मोजणी यांचे काम वेगळे धरून त्याचा दर वेगळा घ्या. गुहागर-दापोलीकडच्या वाचकांनी सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरील निर्बंधांचा, प्रश्न सगळ्यात आधी विचारावा, आणि खाडीकाठच्यांनीही, कारण भरतीचे पाणी पोहोचते तिथवर तो नियम आत येतो.

हेच पत्र मुंबईहून आले असते तर उत्तर बरेच वेगळे झाले असते. तिथे आर्किटेक्टच्या कामाचा मोठा हिस्सा महानगरपालिकेच्या २०३४ च्या नियमावलीत बसवून, ना-हरकती गोळा करून परवानगी हाती आणणे हा असतो, आणि सोसायटीच्या पुनर्विकासात तर घराच्या मांडणीपेक्षा चटईक्षेत्राचे, म्हणजे जागेवर किती बांधकाम करता येते याचे, गणित मोलाचे ठरते. गोव्यात नगर नियोजन खाते, पंचायत आणि आरोग्य खाते अशी दारे आहेत, त्यात जुन्या पोर्तुगीजकालीन घरांची डागडुजी हे वेगळेच कसब; बाहेरून येऊन बंगले बांधणाऱ्यांमुळे तिथल्या काही पट्ट्यांत फी वर गेली आहे आणि शेजारच्या गावातल्या गोंयकाराला तीच फी परवडत नाही. परदेशातून गावी घर बांधू पाहणाऱ्यांनी तर ‘व्हिडिओवर दाखवीन’ या वाक्यावर फी ठरवू नये. व्हिडिओत सेंट्रिंग दिसते, सळईखालचे काँक्रीटचे कव्हर दिसत नाही.

एक काम मात्र तिघांपैकी कोणालाही हो म्हणण्याआधी करा. पुढच्या जोराच्या पावसात दोन दिवस रजा काढून गावी जा, वडिलांना घेऊन जागेवर उभ्या राहा, आणि वरच्या शेतातले पाणी नेमके कुठून शिरते, कुठे साचते आणि कुठून बाहेर पडते, ते वहीत रेघा मारून काढून ठेवा. वडिलांना ते बहुधा चाळीस वर्षांपासून ठाऊक असेल. त्या पानाची एकेक प्रत तिघांनाही द्या आणि म्हणा, आता याच्यावरून सांगा, तुम्ही काय काय करणार आणि त्याचे किती.